काकींच्या पाच सवाष्णी

हळदीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईच्या हाताची हळद कधी जात नाही. साबण लावा, लिंबू चोळा, नखांच्या कडेला ती राहतेच. किस्स्यांचंही तसंच आहे. टेबलाभोवती सात-आठ बायका, हात पुड्या भरण्यात गुंतलेले, तोंडं मोकळी! कुणी मुद्दाम सांगायला बसत नाही, तरी एकेक साचत जातो. मी इथं सतरा वर्षं सुपरवायझर आहे. म्हणजे हजेरी मांडते आणि ऐकते.

आमचा कारखाना सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागं. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक चक्की आणि एक सीलिंग मशीन. हळद, कुंकू, अष्टगंध यांच्या छोट्या पुड्या आम्ही भरतो. मालक नावापुरते, कारभार सगळा त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकींचा. दर श्रावणात, दुसऱ्या शुक्रवारी, काकी पाच सवाष्णी जेवायला घालतात. पाची आमच्याच टेबलावरच्या.

सवाष्ण म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. पण एकदा नीट बघा त्या शब्दाकडे. जेवायला बोलवायचं तिला. पाय धुवायचे तिचे, ओटी भरायची तिची, पहिली पुरणपोळी तिच्या ताटात. आणि पात्रता काय? नवरा जिवंत असणे! तिनं स्वतः काहीच करायचं नाही. नवऱ्यानं श्वास घेत राहायचं, बस्स. बोलावणं एकीला आणि त्याची अट दुसऱ्याच्या नाकात!

*

आधी माझं सांगते, म्हणजे सुटले.

माझं लग्न झालं नाही. का झालं नाही हा वेगळा किस्सा आहे, आणि तो इतका कंटाळवाणा आहे की मीच विसरले. लहानपणी वाईत, आमच्या आळीत, नवरात्रात मला कुमारिका म्हणून रोज एकेका घरून बोलावणं असायचं. पाय धुऊन घ्यायचे, खीर खायची, रुमाल घेऊन घरी पळायचं. मोठी झाले तसं ते बंद झालं. आई म्हणायची, लग्न झालं की पुन्हा बोलावतील. ते पुन्हा काही आलं नाही.

कारखान्यात लागले त्या पहिल्या श्रावणात काकी कुंकवाचा करंडा घेऊन टेबलापाशी आल्या. एकेकीला कुंकू लावत माझ्यापर्यंत आल्या आणि थबकल्या. सवाष्ण नाही, विधवा नाही, आणि कुमारिका म्हणावी तर पस्तिशी गाठलेली! काकी फार हुशार बाई.

म्हणाल्या, "शालन, तू वाढायला ये."

तेव्हापासून मी वाढते. वाढणाऱ्या बाईचा एक फायदा असतो. तिला सगळ्यांचे चेहरे दिसतात.

*

काकींची बोलवायची पद्धत ठरलेली आहे. गुरुवारी संध्याकाळी यायचं, बाईपुढं उभं राहायचं आणि विचारायचं, "घरी सगळं बरं हाय न्हवं?"

बाईनं म्हणायचं, "बरं हाय."

मग कपाळाला कुंकू, आणि "उद्या जेवायला ये."

या प्रश्नाचा अर्थ एकच. नवरा आहे ना? सरळ विचारणं अशुभ, म्हणून घराचं नाव. जुन्या बायकांना हे पाठ होतं. सारिका तेव्हा नवी होती. चोवीस वर्षांची, विट्याकडची, बोलायला भाबडी. तिला वाटलं, काकी खरंच विचारतायत!

"न्हाई ओ काकी," ती म्हणाली. "काल लय पिऊन आला. पोराला भिंतीवर ढकललं. मी मधी पडले तर माजा हात पिरगाळला, ह्यो बगा." आणि तिनं बाही वर केली. मनगट सुजून निळं झालं होतं.

मशीनवाली मशीन बंद करून उभी राहिली. काकींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? पदरानं डोळे टिपले आणि त्यांनी विचारलं, "पर हाय न्हवं घरात?"

"हाय की. झोपलाय."

"मग उद्या ये."

दुसऱ्या दिवशी सारिकाच्या सुजलेल्या हातात बांगडी चढेना. काकींनी त्या डझनभर हिरव्या बांगड्या तिच्या ओटीत घातल्या आणि म्हणाल्या, "सूज उतरली की भर."

आम्ही हसलो. तेव्हा हसलो याची मला अजून लाज वाटते.

*

पाच पाटांतला पहिला पाट हौसाक्काचा. हौसाक्का माण तालुक्यातली. सडपातळ, घट्ट अंबाडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा नवरा मुंबईला कापडाच्या बाजारात हमाली करायचा. एकदा दिवाळी करून गेला तो "महिन्याभरात येतो" म्हणून गेला. त्याला आता तेरा वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. हौसाक्का दोनदा मुंबईला जाऊन आली, फोटो दाखवत फिरली. मग पोटासाठी सांगलीला आली ती आमच्या टेबलावर बसली.

त्याच्या डाव्या हाताला शेवटची दोन बोटं नव्हती. पोरवयात गुऱ्हाळावर चरकात गेलेली. लग्न ठरवताना ही गोष्ट कुणी सांगितलीच नाही!

"भटजीनं हातात हात दिला तवा कळलं," हौसाक्का सांगायची. "मोजून बघितली. तीनच! मनात म्हनलं, आता काय, धरलाय त्यो धरलाय."

हा किस्सा आम्ही तिला पन्नास वेळा सांगायला लावला असेल. प्रत्येक वेळी "तीनच!" म्हणताना ती आपली तीन बोटं वर करायची आणि टेबल हसून लोळायचं.

पहिल्या वर्षी तिला बोलवायचं की नाही यावर कारखान्यात दोन तट पडले. काकींनी निकाल दिला. "मेल्याचा सांगावा आलाय का? न्हाई. मग हाय!"

तेव्हापासून दर श्रावणात त्या गुरुवारी काकी विचारायच्या, "घरी सगळं बरं हाय न्हवं?" हौसाक्काच्या घरी कुणीच नाही. एक खोली, एक स्टोव्ह. तरी ती मान ताठ करून म्हणायची, "बरं हाय."

मी एकदा तिला विचारलं होतं, एवढं काय आहे त्या जेवणात? ती पुड्या भरत राहिली. मग म्हणाली, "शालन, वरीसभर मला कुनी बस म्हनत न्हाई. एक दिस काकी माजं पाय धुत्यात."

*

एका श्रावणात पाचवी बाई तापानं आडवी झाली. शुक्रवार उजाडला, पुरण शिजलं, आणि सवाष्णी चारच! काकी शेडमध्ये येऊन सैरभैर बघायला लागल्या.

हौसाक्का म्हणाली, "रशिदाला बसवा की. तिचा मालक हाय."

रशिदा मिरजेची. तिचा नवरा तंबोऱ्याचे भोपळे कोरतो. ती हातातली पुडी खाली न ठेवता म्हणाली, "आवं काकी, दमा हाय त्याला, पर जित्ता हाय. रातभर खोकतोय, मीच साक्षीदार!"

काकींनी दोन मिनिटं विचार केला. "कुंकू चालंल का गं तुला?"

"न्हाई. पर पोळ्या दोन चालत्यात."

बसवली! ओटीत खण घेतला, नारळ घेतला, पोळ्या मात्र तीन खाल्ल्या. पुढच्या वर्षीपासून ती कायमची पाचवी. फक्त तिला काकी "घरी सगळं बरं?" असं विचारत नाहीत. करंडा पदराआड धरून विचारतात, "खोकतोय न्हवं?"

*

वैशालीचा नवरा फौजी. सरहद्दीवर. साताऱ्याकडच्या आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं त्याचं कुणाला विशेष नाही. पण त्या वर्षी टीव्हीवर रोज काहीतरी दाखवत होते, आणि चार दिवस त्याचा फोन नव्हता.

गुरुवारी काकींनी विचारलं, "घरी सगळं बरं हाय न्हवं?"

वैशाली म्हणाली, "ठाऊक न्हाई."

असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. काकींचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं.

शुक्रवारी ती आली, पण पाटावर बसेना. बाहेर पायरीवर मोबाइल मांडीवर घेऊन बसली. "फोन आल्याबिगर मी बसनार न्हाई. हितं खोटं बसायचं आन तिकडं काय झालं असलं तर?" आत चौघी पाटावर, पानं वाढलेली, आणि एकीनंही घास उचलला नाही. भात गार झाला. आमटीवर साय धरली. मी नुसती भांडी झाकत आणि उघडत होते.

अडीचला फोन वाजला. वैशाली "व्हय... व्हय... बरं," एवढंच बोलली आणि आत आली.

"काय गं? काय म्हनला?"

"रिचार्ज संपला हुता म्हनं!"

असं हसलो, असं हसलो! वैशालीही हसली, पाटावर बसली, पहिला घास तोंडात घातला, आणि घास तोंडात तसाच ठेवून तिनं मोठ्यानं हंबरडा फोडला. तिला गप्प करायला अर्धा तास लागला. त्या रिचार्जवाल्याला मी आजही मनात शिव्या घालते.

*

तानूबाई आमच्यात सगळ्यांत थोरली. काकींच्या सासूच्या वेळेपासूनची सवाष्ण, तीस वर्षं एकाच पाटावर जेवलेली. तिचा नवरा, म्हणजे आबा, आठ वर्षं अंथरुणाला खिळून होते. तिची एकच इच्छा, आबांच्या आधी जायचं, भरल्या कुंकवानं. म्हणून ती आबांना जपायची. वेळेवर औषध, वेळेवर पेज.

आबा वैतागून म्हणायचे, "मी काय तुज्या पाटासाठी जगू व्हय?"

ती म्हणायची, "मग कशासाठी जगताय दुसरं?"

हे ती स्वतः येऊन आम्हाला सांगायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. आबा भाद्रपदात गेले.

पुढच्या श्रावणात काकी गुरुवारी तानूबाईपुढून करंडा घेऊन तशाच पुढं गेल्या. तिची वैशालीशेजारची जागा नव्या बाईला गेली. पण शुक्रवारी तानूबाई आली! धुतलेलं लुगडं, मोकळं कपाळ, दाराच्या चौकटीला धरून उभी. सवयीनं पाय इकडं वळले असतील. तिचं तिलाच नंतर लक्षात आलं असावं, कारण ती परत वळायला लागली. पाची पाट भरलेले होते.

काकी म्हणाल्या, "आवं तानूबाई, आत या की. शालनला वाढू लागा."

ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी तिच्या हातात मिठाची वाटी दिली. ती पानांच्या रांगेपुढं नुसतीच उभी राहिली आणि मग तिनं हळूच मला विचारलं, "शालन, मीठ कुठं गं वाढत्यात?"

तीस वर्षं त्या पानावर जेवली होती! पण पानाकडं समोरून तिनं कधी बघितलंच नव्हतं.

त्या दिवशी हौसाक्काच्या पानातली पोळी तशीच राहिली. ती सारखी तानूबाईकडं बघत होती. हात धुताना मला म्हणाली, "मला असं वाटी घिऊन हुबं न्हाई ऱ्हायचं, शालन. मी सांगून ठिवते."

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हौसाक्काचा दीर गावाकडून आला. माणूस वाईट नव्हता. शेडच्या बाहेर उभा राहून म्हणाला, "वैनी, सात वर्षांच्या वर झाली. कोर्टातनं दादा मेल्याचा कागद निगतो. कागद झाला की घर तुज्या नावावर करू. म्हातारपनी निवारा तरी हुईल."

त्यानं वकील बघून ठेवला होता. नुसता अंगठा हवा होता. घर म्हणजे दोन खणांचं, पण हक्काचं.

हौसाक्कानं त्याला चहा पाजला. सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन कागद झाल्यावर श्रावनात मी कुठं बसू?"

दीर माझ्याकडं बघायला लागला. त्याला काही कळलं नाही. दुपारच्या एसटीनं परत गेला.

*

आणि हा यंदाचा.

दुसऱ्या शुक्रवारच्या आधीचा बुधवार. शेडच्या दारात एक हवालदार येऊन उभा राहिला. तरुण पोरगा, अदबीनं बोलणारा. नदीच्या घाटावर एक म्हातारा माणूस मरून पडलेला सापडला होता. अंगावर जखम नाही, आजारानं गेलेला. ओळखीचं काही नाही. खिशात फक्त आमच्या कारखान्याची कुंकवाची एक पुडी. पुडीवर पत्ता असतो, म्हणून तो आला होता.

"कुणी ओळखतंय का बघा," म्हणून त्यानं मोबाइलवरचा फोटो फिरवला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. फोटो हातोहात गेला. सारिका म्हणाली, न्हाई. वैशाली म्हणाली, न्हाई. रशिदा म्हणाली, न्हाई. हौसाक्कानं फोटो बराच वेळ धरला आणि पुढं दिला.

हवालदार मोबाइल खिशात ठेवता ठेवता म्हणाला, "आणखी एक खूण आहे. डाव्या हाताला दोन बोटं नाहीत."

आम्ही सगळ्याजणी खाली पुड्यांकडं बघत राहिलो. हौसाक्काकडं एकीनंही बघितलं नाही.

हौसाक्का उठली, हात पदराला पुसले. "मी यिऊन बघते," म्हणाली. "शालन, चल माज्यासंगं."

सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिथल्या माणसानं चादर बाजूला केली. मी तिच्या नवऱ्याला कधी बघितलं नव्हतं, चेहऱ्यावरून मला काय कळणार? पण डावा हात बाहेर होता. अंगठा आणि दोन बोटं. पुढं जुन्या, गुळगुळीत झालेल्या खुणा. मी ते बघितलं. हौसाक्कानंही बघितलं.

मग वाकून तिनं तो हात चादरीच्या आत घेतला आणि चादर पायांवर नीट ओढली.

हवालदारानं विचारलं, "मावशी, ओळखता का?"

"न्हाई. ह्यो आमचा न्हवं."

"नीट बघा. हाताकडं..."

"बघितला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. पन्नास वेळा ऐकलेलं ते "तीनच!" मला आठवत होतं. मी मान खाली घातली. बरोबर केलं की चूक, माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

हौसाक्कानं कागदावर अंगठा दिला. मग विचारलं, "ह्याचं कोन करनार?"

"कुणी आलं नाही तर आम्हीच करतो, मावशी. परवा सकाळी आटपू."

"परवा म्हंजे शुक्रवार?"

"हो. नऊच्या सुमाराला."



गुरुवारी संध्याकाळी काकी करंडा घेऊन आल्या. हवालदार येऊन गेल्याचं त्यांना कळलं होतं का, कोण जाणे. त्या हौसाक्कापुढं उभ्या राहिल्या. शेडमधल्या सगळ्यांचे हात थांबले.

"हौसा, घरी सगळं बरं हाय न्हवं?"

"बरं हाय, काकी."

काकींनी कुंकू लावलं. "उद्या जेवायला ये."

शुक्रवारी बारा वाजले, साडेबारा झाले. सारिका, वैशाली, नवी बाई, रशिदा, चौघी पाटावर बसलेल्या. पहिला पाट मोकळा. मी पोळ्यांची ताटली घेऊन उभी. पावणेएकला हौसाक्का आली. डोक्यावरून अंघोळ केलेली, ओले केस पाठीवर मोकळे, पाणी गळून पोलकं भिजलेलं. शुक्रवारी सवाष्ण न्हातेच, त्यात काही वेगळं नाही. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नुकतं लावलेलं.

काकी तांब्या आणि परात घेऊन पुढं झाल्या. हौसाक्कानं परातीत पाय ठेवले. काकींनी पाणी घातलं, टाचेवरून हात फिरवला आणि त्या थांबल्या. परातीतलं पाणी काळं झालं होतं. टाचांच्या भेगांत राख होती.

काकींनी मान वर करून हौसाक्काकडं बघितलं. हौसाक्का समोर भिंतीकडं बघत होती.

काकींनी ते पाणी मोरीत ओतलं. परात विसळली. दुसरा तांब्या भरून आणला आणि पुन्हा पहिल्यापासून पाय धुतले, भेगा बोटानं साफ करून, पदरानं कोरडे केले. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"शालन, हिला पयलं वाढ."